कोटणिसांचे गाव आणि अनेक हातांचा ज्ञानकोश

सोलापूरकरांना चीन हा देश अगदीच परका वाटत नाही. याचे श्रेय एका माणसाकडे जाते. १० ऑक्टोबर १९१० रोजी या गावात जन्मलेले द्वारकानाथ शांताराम कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये रुग्णसेवा करता करता निवर्तले. वय अवघे बत्तीस. ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. परंतु ऐकलेली कथा वेगळी आणि पुराव्यानिशी मांडलेला इतिहास वेगळा. मराठी विकिपीडियावर पूर्व आशियाच्या इतिहासाचे लेख लिहावयास व दुरुस्त करावयास आम्ही काही मित्र बसलो, तेव्हा हा भेद आम्हांस नीट कळला.

मराठीला ज्ञानकोश नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड उभे केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. हे दोन्ही कोश संपादकाच्या अधिकारावर उभे आहेत. विकिपीडियाची रीत निराळी. इंग्रजीत तो १५ जानेवारी २००१ रोजी निघाला, मराठीत १ मे २००३ रोजी. येथे कोणी नेमलेला नाही, लेखनाबद्दल कोणास मानधन नाही. या मंडळींनी आपल्या चर्चेच्या जागेला ‘चावडी’ असे नाव दिले आहे आणि नवशिक्याने हात बसवावा त्या पानाला ‘धूळपाटी’. ही नावे वाचून आम्हांस आपल्याच गावात आल्यासारखे वाटले.

काम कसे चालते? प्रत्येक लेखाला एक इतिहास असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला वा काढला, हे त्यात कायमचे नोंदलेले राहते. लेखाच्या पाठीशी चर्चेचे पान असते. तेथे वाद घालावा, पुरावा द्यावा, मगच मजकुरात फेरफार करावा. ज्या विधानाला आधार नाही, त्यापुढे कोणीही येऊन ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतो. आम्ही विषय वाटून घेतले : एकाने चीनचे राजवंश घेतले, दुसऱ्याने जपान, आणि कोटणिसांचे पान साहजिकच सर्वांचे झाले.

पहिली अडचण नावांची आली. चिनी नावे मराठीत आली ती बहुधा इंग्रजीच्या वाटेने. एके काळी आपली वृत्तपत्रे ‘चौ एन लाय’ लिहीत. आता रोमन लिपी पाहून कोणी ‘झोउ’ लिहितो. चीनच्या अखेरच्या राजवंशाचे नाव कोणी ‘किंग’ लिहितो, कोणी ‘क्विंग’. वस्तुतः चिनी उच्चार ‘छिंग’ला जवळचा, आणि आपल्या देवनागरीत ‘छ’ अक्षर तयार आहे! सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे वर्णन करणारा यात्रेकरू कोठे ह्युएनत्संग आहे, कोठे युआन च्वांग, तर कोठे श्वानत्सांग. विद्यार्थ्याला वाटावे की हे तीन गृहस्थ होत. खुद्द कोटणिसांनाही चीनमध्ये ‘के दीह्वा’ म्हणतात. ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान. १९४२ साली जन्मलेल्या मुलाचे नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. एकच रूप मुख्य धरावे आणि बाकीच्या रूपांवरून वाचकाला तेथेच आणून सोडावे, असे शेवटी ठरले.

दुसरी गोष्ट आमच्या चुकीची. १९३७ साली जपानने चीनवर चढाई केल्यानंतर सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. त्यावरून काँग्रेसने १९३८ साली डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी असे पाच डॉक्टर पाठविले. हे पथक १९३९ च्या आरंभी येनानला पोहोचले, एवढे आम्हांस ठाऊक होते. तेव्हा कोटणिसांचे पुढील सारे कार्य येनानचेच, असे आम्ही लिहून मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’! आम्हांस राग आला. आमच्या गावच्या माणसाविषयी आम्हांस विचारणारा हा कोण? पण शोधू लागलो तो आमचाच मजकूर ढासळला. कोटणीस येनानहून पुढे जपानी फौजांच्या पिछाडीच्या मुलखात गेले. डॉ. बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते १९४१ साली प्रमुख झाले, आणि हपेई प्रांतातच अपस्माराने त्यांचा अंत झाला. ज्याने आम्हांस टोकले, त्याचे नावगाव आम्हांस आजही माहीत नाही.

तिसरा प्रसंग याहून अवघड. १९४२ साली कोटणीस चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले होते. आमच्यातील एकाचे म्हणणे पडले की हे लिहू नये. १९६२ च्या युद्धाची जखम ज्या पिढीने सोसली, तिला ते बोचेल. दुसरा म्हणाला, हेच ठळक लिहा. चर्चा पुष्कळ रंगली. शेवटी घटना तिच्या सालासह, आधारासह एका वाक्यात आली. तिच्यापुढे स्तुतीही नाही आणि सारवासारवही नाही. पहिल्या मित्रानेच ते वाक्य लिहिले. माणूस आपल्या गावचा असला म्हणून त्याच्या आयुष्यातील आपल्याला सोयीचे तेवढेच ठेवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

अनेक हातांनी लिहिलेले म्हणून ते खरे, असे मात्र कोणी समजू नये. अनेक हात मिळून एकच चूक गिरवू शकतात. खरेपणा येतो तो प्रत्येक हात आपला पुरावा दाखवितो म्हणून, आणि दुसऱ्याने पुसलेले पाहून रागावण्याऐवजी शोधावयास लागतो म्हणून. सोलापुरात जुनी कात्रणे जपणारी घरे आहेत, आणि निवृत्त शिक्षकांना तर वेळही आहे. कोटणिसांच्या पुतळ्याला आपण हार घालतोच. आता त्यांच्याविषयीचे एखादे वाक्य तपासून द्यावे. शिच्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी चिनी माणसे सांभाळीत आहेत. मराठीतले त्यांचे पान सांभाळण्याचे काम आपले आहे.