दहाव्या क्रमांकाचा लेख

‘पान’ म्हटले म्हणजे कोणास ग्रंथाचे पृष्ठ आठवते, कोणास केळीचे पान, तर कोणास जेवणानंतरचा विडा. असा मोघम शब्द घेऊन कोणी ग्रंथालयात गेला, तर ग्रंथपाल सहज विचारतो, “कोणते पान?” संगणकावरील शोधयंत्राला मात्र बहुधा असा प्रतिप्रश्न न करताच उत्तरांची यादी पुढे ठेवावी लागते. ती कोणत्या क्रमाने लावावी, हा वाद जुना आहे.

१९७७ साली ब्रिटिश संशोधक स्टीफन रॉबर्टसन यांनी एक तत्त्व मांडले: जो लेख उपयुक्त ठरण्याचा संभव अधिक, तो वर. हे इतके सरळ दिसते की, त्यात खोट असेल अशी शंकाही येऊ नये. परंतु त्याच निबंधात त्यांनी विल्यम कूपर यांचे एक प्रतिउदाहरणही नमूद केले. स्वतःच्या तत्त्वाशेजारी त्याचे खंडन छापणारे विद्वान विरळाच! समजा, एकच प्रश्न विचारणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश लोकांचे समाधान नऊ लेखांपैकी कोणत्याही एकाने होते. उरलेल्या एकतृतीयांशांना मात्र केवळ दहावाच लेख हवा आहे. संभवाच्या हिशेबाने ते नऊही आधी लागतात. बहुसंख्य मंडळी पहिलाच लेख घेऊन निघून जातात, पुढचे आठ त्यांना नकोच असतात. आणि तरीही अल्पसंख्यांना नऊ लेख बाजूस सारून दहाव्यापर्यंत पोहोचावे लागते. तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला असता, तर पहिल्या मंडळींचे काय बिघडले असते?

दोष असा की, प्रत्येक लेख एकेकटा तोलला गेला. वस्तुतः लेखाचे मोल त्याआधी काय वाचले यावर अवलंबून असते, हे अमेरिकेतील विल्यम गॉफमन यांनी १९६४ मध्येच दाखविले होते. १९९८ साली जेमी कार्बोनेल व जेड गोल्डस्टीन यांनी त्याचे गणित बसविले: आधी निवडलेल्या लेखांशी जितके साम्य, तितके गुण वजा. २००९ मध्ये राकेश अग्रवाल आणि त्यांच्या मायक्रोसॉफ्टमधील सहकाऱ्यांनी शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांचे वाटे हिशेबात धरले. एका अर्थाची सोय झाली की, त्याचा पुढील हक्क घटतो.

हे वाटे पुष्कळदा पूर्वीच्या शोधांच्या नोंदींवरून ठरतात. नोंदींत विड्याचा मागमूस नसेल, तर विडा शोधणाऱ्याचा लेख अद्यापि खालीच राहतो.