सासवण्याचे शिल्पघर

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे आपल्या अध्यक्षबाईंनी सुचविले, तेव्हा लढाया आणि राजवटी माझ्या मनात आल्या नाहीत. आठवले ते सासवणे.

आपल्या मंडळाची सहल तेथे गेली होती. बोईसरहून पहाटेच्या गाडीने मुंबई, गेटवेहून लाँचने मांडवा, आणि पुढे किहीमच्या वाटेवर हे समुद्रकाठचे गाव. तेथे शिल्पकार कै. विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर आहे.

करमरकरांचा जन्म याच गावी २ ऑक्टोबर १८९१ रोजी झाला. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर अश्वारूढ शिवाजीमहाराजांचे चित्र काढले. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले. भिंत खराब केली म्हणून मुलाला दटावण्याऐवजी त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला पाठविले! पुढे करमरकर कलकत्त्यास राहिले, लंडनच्या रॉयल अकॅडमीतही शिकले. देवळाच्या भिंतीवरचा तो घोडेस्वार अखेर ब्राँझमध्ये उभा राहिला. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील हा भव्य पुतळा माझगाव गोदीत ओतला गेला आणि १६ जून १९२८ रोजी त्याचे अनावरण झाले.

एवढी कीर्ती मिळाल्यावरही हा माणूस गावाला विसरला नाही, हे मला विशेष वाटते. राजेमहाराजे आणि पुढारी यांचे पुतळे मागणीनुसार होत. त्याचे मोल कोणीतरी देत असे. पण सासवण्याच्या घरी त्यांनी स्वतःच्या आनंदासाठी गावची माणसे घडविली. त्यासाठी संगमरवर लागला नाही. आधी मातीत आकार करायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि साच्यात सिमेंट भरायचे. ज्या सिमेंटने आपण ओटा बांधतो, त्यातच त्यांनी माणसांचे चेहरे उतरविले.

तेथल्या कोळिणीच्या शिल्पापुढे आमच्यापैकी एकजण बराच वेळ थांबली. तिचे माहेर समुद्रकाठचे. ती म्हणाली, “अगं, ही तर आमच्याच बंदरावरची!” देवादिकांच्या मूर्तीपुढे आपण हात जोडतो. ओळखीची बाई मूर्तीत भेटते तेव्हा मात्र आपण तिच्याशी बोलू लागतो.

करमरकर १९६७ साली निवर्तले. त्यांच्या पश्चात ही शिल्पे त्यांच्या सूनबाई सुनंदाताई करमरकर यांनी जपली आणि ते घर लोकांसाठी खुले ठेवले. हे ऐकले आणि मी खाली पाहिले.

कारण मीही एका घरची सून आहे. माझ्या सासूबाई दिवाळीत मुलांच्या किल्ल्यासाठी मातीची चित्रे करीत. मावळे, भाजीवाली, पाण्याला निघालेली बाई, आणि वर गडावर महाराज. शेजारची मुले ती मागायला येत. पुढे घर नव्याने बांधले, तेव्हा माळ्यावरची ती टोपली मी राडारोड्याबरोबर टाकून दिली. त्यांनी ते पाहिले, पण एक शब्दही बोलल्या नाहीत. दिवाळी आली, तरी त्यांनी पुन्हा माती भिजविली नाही.

सासूबाई काही करमरकर नव्हत्या, हे मला कळते. पण आपल्या भागात वारली सुवासिनींनी पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या पिठाने लग्नाचे चौक लिहिले. त्यांतल्या किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत? ज्या हातांची कोणी नोंद केली नाही, त्यांचे काम सारवणाबरोबर पुसले गेले.

म्हणून येत्या दिवाळीत मंडळाच्या अंगणात किल्ला करावा आणि त्यातले प्रत्येक चित्र, करणारीच्या नावासह, मंडळाच्या कपाटात ठेवावे, अशी माझी विनंती आहे. कपाटाची किल्ली मी सांभाळीन. एकदा टाकण्याची चूक माझ्याकडून झाली आहे. ती पुन्हा होणार नाही.