कुळाचा राजीनामा

पेण-रोह्याकडचा जमिनीचा जुना दस्त वाचावा, तर शेवटी ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले’ हे शब्द बहुधा भेटतात. लिहून देणारा नाखूश असला, तरी कागद राजीच.

‘राजी’ अरबी, ‘नामा’ फारसी. राजीनामा म्हणजे मुळात संमतीचा लेख. हिंदी-उर्दूत तडजोडीच्या लेखाला आजही राजीनामा म्हणतात. मराठीत तो सोडचिठ्ठीचा कागद झाला, यामागे मला महसुली दप्तर दिसतं. मुंबई इलाख्याच्या रयतवारीत शेत सोडणारा खातेदार राजीनामा देई आणि ते घेणारा कबुलायत. 1879 च्या जमीन महसूल संहितेतही खातेदारानं मामलेदाराला लेखी कळवून जमीन सोडण्याची तरतूद होती. राजी होणं आणि हातचं सोडणं, दोन्ही एकाच कागदावर आली.

खातेदाराला ही मोकळीक होती. कुळाला तोच कागद फास ठरू शकत होता. सावकार-खोताच्या दाराशी उभ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाचा अंगठा उठला, की त्यानं आपखुशीनं जमीन सोडली असं ठरे. म्हणूनच कुळकायद्याचं कलम 15 मला फार मोलाचं वाटतं. कुळानं जमीन सोडल्याचा कागद लेखी हवा आणि मामलेदारानं तो पडताळायला हवा, असं ते सांगतं. म्हणजे सहीमागची नाखुशी शोधणं हे सरकारचं काम झालं. 1948 च्या या कायद्याआधी पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली 1933 पासून 1939 पर्यंत शेतं न कसता संप केला होता. नाखुशी सांगायला तेव्हा त्यांच्या हाती उपासमार सोसण्यावाचून दुसरं काही नव्हतं.

भूसंपादनात तर राजी आहात का, हा प्रश्नच नव्हता. 1894 च्या कायद्यात हरकत नोंदवता येई, नकार देता येत नसे. त्यामुळे 21 सप्टेंबर 2008 हा दिवस वेगळा. महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची का, यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातील 22 गावांच्या शेतकऱ्यांचं मत प्रशासनानं मतदान घेऊन विचारलं. नकाराला प्रथमच सरकारी मतपत्रिका मिळाली.

पुढे 2013 च्या भूसंपादन कायद्यानं खासगी कंपनीसाठी 80 टक्के बाधित कुटुंबांची आगाऊ संमती बंधनकारक केली. सरकार स्वतःच्या प्रकल्पासाठी जमीन घेतं, तेव्हा मात्र त्या कायद्यात ही अट नाही.