दुधाच्या आकड्यांचा क्रम

दूध तपासण्याची शास्त्रशुद्ध रीत गोठ्यात नव्हे, हिशेबाच्या टेबलावर जन्मली. अमेरिकेतल्या लोणी आणि चीजच्या कारखान्यांत एकेकाळी दुधाला नुसत्या वजनावर पैसे मिळत. पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा त्यात फायद्यात राही, दाट दूध आणणारा मार खाई. १८९० मध्ये विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक यांनी गंधकाम्ल आणि फिरते यंत्र वापरून फॅट मोजण्याची सोपी रीत बसवली आणि पेटंट न घेता ती सर्वांना खुली केली. पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्ये गेर्बर यांची पद्धत आली. आपल्या दूध संस्थांनी पुढे वर्षानुवर्षे वापरली ती हीच. या चाचण्यांनी मोठा अन्याय दूर केला, यात शंका नाही. पण त्यांना विचारलेला प्रश्न एकच होता : या दुधाला किती पैसे द्यायचे? उत्तर मिळाले की आकड्याचे काम संपले. दुग्धव्यवसायाला मोजमापांची वाण कधीच नव्हती. हरवला तो मोजमापांचा क्रम. संख्याशास्त्रीय नियंत्रणाने गोठ्याला काय दिले असेल, तर हा क्रम परत दिला, असे माझे म्हणणे आहे.

आकडे एकेका जनावराच्या नावावर जमा करण्याची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. १८९५ मध्ये वायेन या गावी शेतकऱ्यांनी संघ काढून एक तपासनीस नेमला. तो गोठोगोठी फिरून प्रत्येक गाईचे दूध, फॅट आणि चारा यांची नोंद ठेवू लागला. १९०५ मध्ये मिशिगनमध्ये अमेरिकेतला तसा पहिला संघ निघाला. या वह्यांतून कोणती गाय ठेवायची, कोणती विकायची हे कळले. पण आजचा आकडा कालच्यापेक्षा खरोखर वेगळा आहे की नेहमीच्या चढउतारातलाच आहे, हे ठरवायचे साधन त्यांच्याकडे नव्हते. ते साधन दूरध्वनीची उपकरणे बनवणाऱ्या उद्योगातून आले. १९२४ च्या मे महिन्यात वॉल्टर शुहार्ट यांनी एका छोट्या टिपणात नियंत्रण आलेख मांडला. सरासरीची एक रेषा, तिच्या वर-खाली दोन मर्यादा, आणि त्या मर्यादा वरिष्ठांच्या इच्छेने नव्हे, तर प्रक्रियेच्या स्वतःच्या चढउतारावरून काढलेल्या. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शुहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. १९४८ मध्येच खेडा जिल्ह्याच्या सहकारी संघाचे दूध मुंबईच्या दूध योजनेला जाऊ लागले होते. पण शुहार्ट यांची पद्धत आपल्याकडे रुजली ती मुख्यतः कारखान्यांत.

गोठ्यात तिची गरज स्पष्ट झाली ती सोमॅटिक पेशींच्या मोजणीने. कासेत जंतू शिरले की पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. दगडी, म्हणजे कासदाह, डोळ्यांना दिसण्याआधीच हा आकडा वाढतो. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे गाईच्या कच्च्या दुधात मिलिलिटरमागे ४ लाखांपर्यंत पेशी चालतात, आणि हा आकडा तीन महिन्यांच्या गुणोत्तर सरासरीवर ठरतो. आता समजा, एखाद्या गोठ्याचा आकडा कायम दीड लाखाच्या आसपास असतो आणि एका आठवड्यात तो तीन लाखांवर जातो. कायद्याच्या दृष्टीने तिथे काहीच घडलेले नाही. तीन महिन्यांच्या सरासरीतही तो विरून जाईल. गोठ्याच्या दृष्टीने मात्र काहीतरी बिघडले आहे : धार काढण्याच्या यंत्राचा दाब, बसायची ओली जागा किंवा नव्याने आणलेली गाय. सरकारी मर्यादा ग्राहकाचे रक्षण करते, आणि ते तिने करावेच. गोठ्याची स्वतःची मर्यादा गाईचे रक्षण करते. एकीने दुसरीचे काम भागत नाही.

यावर वजनदार आक्षेप असा की गाय म्हणजे कारखान्यातला खिळा नव्हे. वेताचे दिवस, ऋतू, चारा, सकाळ-संध्याकाळ, सगळ्यांनी दूध बदलते. मग स्थिर सरासरी आणायची कुठून? आक्षेप खरा आहे, पण तो आलेख टाकून देण्याचे नव्हे, नीट काढण्याचे कारण आहे. सकाळचे आणि संध्याकाळचे दूध वेगळे मांडावे. पेशींची संख्या पटीने वाढते, म्हणून दुप्पट झाली की एक अंक चढेल अशा मापात ती लिहावी. अमेरिकेतल्या नोंदींत १ लाखाला ३ आणि २ लाखांना ४ असे गुण देतात ते त्यासाठीच. गाय व्याली की मर्यादा नव्याने काढाव्या. लागोपाठच्या दोन आकड्यांतल्या फरकांची सरासरी घेऊन तिला २.६६ ने गुणले की सरासरीपासून मर्यादांचे अंतर मिळते. त्याला संगणकही लागत नाही.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रातला आहे : दोन-तीन गाईंच्या मालकाला हे कसे झेपणार? पेशींची चाचणी त्याला रोज परवडणार नाही, हे मान्य. पण फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) यांचे आकडे त्याच्या नावावर दिवसातून दोनदा पडतातच. कासदाहात दुधातली साखर घटते आणि एसएनएफ उतरतो. वैरण कमी पडली की फॅट उतरते. आलेख कारण सांगत नाही, कोणत्या दिवशी गोठ्यात डोळसपणे पाहायचे ते सांगतो. पुढे कोणता सड बिघडला आहे, हे शोधायला १९५७ पासूनची चार वाट्यांची साधी चाचणी पुरते. आज हे आकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून केलेल्या दरपत्रकाला लावले जातात आणि दहा दिवसांच्या बिलात बेरजेला जातात. तेच प्रत्येकी वीस आकडे, आधीच्या महिन्याच्या मर्यादांसह, त्याच बिलाच्या मागच्या बाजूला क्रमाने छापायला संस्थेला नवे यंत्र घ्यावे लागणार नाही.