कुलूप कोणाचं, किल्ली कोणाची?

आम्ही खापरखेड्याहून बोलतोय. एका बाजूला वीज केंद्राच्या उंच चिमण्या, दुसऱ्या बाजूला सिल्लेवाडा-वलनीच्या कोळसा खाणी, असं आमचं गाव. इथं पगार होतो, ठेकेदाराचा हप्ता होतो, आणि त्या दिवशी संध्याकाळी भट्टीपुढे आणि बारपुढे गाड्या लागतात. भट्टी म्हणजे देशी दारूचं दुकान, हे विदर्भातल्या बायांना सांगावं लागत नाही.

मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. दुकान बंद करण्यासाठी सह्या गोळा करायच्या का? एक जण म्हणाली, "लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं, ते दिवस माझ्या घरात मारझोडीविना गेले. बंदच पाहिजे." दुसरी लगेच म्हणाली, "तुझ्या घरात गेले असतील. माझ्या नवऱ्यानं चोरून दुप्पट-तिप्पट भावानं आणली आणि माझं डोरलं गहाण पडलं." दोघीही खरं बोलत होत्या. कोणीच कोणाला खोटं ठरवू शकलं नाही. मग आम्ही ठरवलं की सह्या करण्याआधी थोडा इतिहास पाहू. दारूची दुकानं आजवर कितीदा बंद झाली, कोणी केली आणि पुन्हा कोणी उघडली?

सुरुवात नागपुरापासूनच करू. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि तिथं असहकाराचा ठराव पक्का झाला. त्या चळवळीत विदेशी कापडाबरोबर दारूवरही बहिष्कार होता. १९२१ मध्ये नागपुरात दारूच्या दुकानांपुढे कार्यकर्ते उभे राहिले आणि आत जाणाऱ्यांना हात जोडून परत फिरवू लागले. इंग्रज सरकारला दारूच्या ठेक्यांतून मोठं उत्पन्न मिळत होतं, त्यामुळे हे हात जोडणं सरकारला चांगलंच झोंबलं. दुकान गावात असतं, पण त्याचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढेही आपल्याला भेटणार आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई राज्यानं दारूबंदीचा कायदा केला. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तो जुना कायदा आजही चालू आहे. आज त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे. नाव दारूबंदीचं, आणि त्याच कायद्याखाली दारूविक्रीचे परवाने दिले जातात! हे कसं झालं? कडक बंदीत हातभट्ट्या वाढल्या, पोलीस आणि कोर्ट खटल्यांनी भरून गेले, महसूलही बुडत होता. म्हणून साठच्या दशकात बंदी सैल करत नेली, आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम करून तिची दुकानं अधिकृत झाली.

त्यानंतरच्या वर्षांत देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणं सरकारनं थांबवलं. ऐकायला चांगलं वाटतं. पण याचा अर्थ असा की जुना परवाना सोन्याच्या भावाचा झाला. एका गावातलं दुकान बंद पडलं तरी परवाना मरत नाही. त्याचं स्थलांतर होतं, आणि तो दुसऱ्या गावात दुकान उघडतो. आपल्या गावानं हाकललेली भट्टी शेजारच्या गावच्या बायांच्या दारात जाऊन बसू शकते.

आता आपल्या शेजारचे तीन जिल्हे पाहू.

पहिला वर्धा. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या कर्मभूमीचा मान म्हणून १९७४ मध्ये वर्धा जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती कागदावर आजही आहे. पण वर्ध्याच्या कोणत्याही खेड्यातली बाई सांगेल की मोहाची आणि बाहेरून आणलेली दारू तिच्या गावात येतेच.

दुसरा गडचिरोली. तिथली बंदी सन्मान म्हणून मिळाली नाही, मागून घ्यावी लागली. १९८० च्या दशकाच्या शेवटी गावोगावच्या बाया, आदिवासी आणि कार्यकर्ते उभे राहिले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग त्या लढ्यात होते. गावांनी ठराव केले, सभा घेतल्या, मोर्चे काढले. १९९३ मध्ये जिल्हाबंदी झाली. चोरटी दारू तिथेही आहे. म्हणूनच बंदीनंतरही काम थांबलं नाही. २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावानं गावागावांत संघटना बांधणं आणि व्यसनी माणसावर उपचार करणं सुरू झालं.

तिसरा चंद्रपूर. ही गोष्ट सगळ्यात जवळची आणि सगळ्यात कडू. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून शेकडो बाया पायी निघाल्या आणि नागपूरला विधानभवनावर आल्या. श्रमिक एल्गार ही संघटना आणि अॅड. पारोमिता गोस्वामी पुढे होत्या. थंडीचे दिवस, पाठीवर शिदोरी, काही जणींच्या कडेवर लेकरं. पुढे शासनानं समिती नेमली. जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव दिले. तरी वर्षं जात राहिली. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली. त्या दिवशी किती बायांनी घरी गोडाधोडाचं केलं असेल!

आणि मग? २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळानंच ती बंदी उठवली. शासनानं कारणं सांगितली. चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, बाया आणि मुलं दारूच्या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला. ही कारणं खोटी होती असं आम्ही म्हणत नाही. पण आम्हाला एक गोष्ट खटकली. बंदी यावी म्हणून बायांना शेकडो गावांचे ठराव द्यावे लागले, नागपूरपर्यंत पायी यावं लागलं आणि चार वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. ती उठवायला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली. त्याच वेळी शेजारच्या गडचिरोलीत शेकडो गावांनी ठराव करून सांगितलं की आमची बंदी ठेवा. तिथली बंदी राहिली.

आता रस्त्यावरच्या दुकानांची गोष्ट. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. दारू पिऊन गाडी चालवण्यानं होणारे अपघात पाहून न्यायालयानं सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको. ३१ मार्च २०१७ ला त्यात बदल झाला. ज्या गावाची किंवा शहराची लोकसंख्या वीस हजार किंवा त्याहून कमी, तिथं अंतर २२० मीटर केलं. १ एप्रिलपासून महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर बार, भट्ट्या, वाईन शॉप यांच्या रांगाच्या रांगा बंद झाल्या. नागपूर शहरात तर रिंगरोड आणि मोठ्या रस्त्यांवरचे बार एका रात्रीत अंधारले.

मग पळवाटा सुरू झाल्या. चंदीगडसारख्या शहरात रस्त्याचा महामार्ग हा दर्जाच काढून घेतला. रस्ता तोच, दुकान तेच, फक्त कागदावरचं नाव बदललं. केरळात एका बारनं दारापुढे आडव्यातिडव्या भिंती बांधल्या. माणसानं गोल गोल चालत आत जायचं, म्हणजे अंतर ५०० मीटरच्या वर भरतं! आम्ही हे ऐकून हसलो. पण हसता हसता कळलं की दुकान उघडायचंच असेल तर डोकं किती चालतं. जुलै २०१७ मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत ही बंदी लागू नाही. मग शहरातले बार पुन्हा उघडले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या भागाचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला. म्हणजे वर्षभरात बहुतेक कुलपं निघाली.

त्यानंतर कोरोना. मार्च २०२० च्या शेवटी सगळंच बंद. ४ मेपासून राज्यात काही ठिकाणी दारूची दुकानं उघडली आणि दुकानांपुढे अशा रांगा लागल्या की काही शहरांत ती पुन्हा बंद करावी लागली. मे महिन्यातच दारू घरपोच द्यायला परवानगी मिळाली. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार उघडले. मंदिरं उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. शाळेचे नववी ते बारावीचे वर्ग उघडायला राज्यानं परवानगी दिली ती २३ नोव्हेंबरपासून. आधी दारू, मग देव, मग लेकरांची शाळा. हा क्रम आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवला आहे.

बाहेरच्या जगातही असंच घडलंय. अमेरिकेनं १९२० मध्ये देशभर दारूबंदी केली आणि १९३३ मध्ये उठवली. जवळचं उदाहरण आंध्र प्रदेशाचं. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात साक्षरता वर्गात येणाऱ्या बायांनी १९९२ च्या सुमारास गावातलं दुकान बंद पाडलं. ते लोण राज्यभर पसरलं. १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती गेलीही.

मग काय, बंदी करूच नये? "बंद केली की विषारी दारू येते," असं आम्हाला नेहमी ऐकवतात. पण जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त माणसं मेली. मुंबईत तर बंदी नव्हती. अधिकृत दुकान असलं की हातभट्टी बंद होते, हेही खरं नाही. गरिबाला जी स्वस्त मिळते ती तो पितो.

आमच्या हातात असलेला कायदा कोणता, तेही ऐका. आडवी बाटली. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. इथं एक गोम आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत १००० बाया आहेत. ६०० आल्या आणि त्यातल्या ४५० जणींनी आडवी बाटली निवडली, तरी आपण हरलो. घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. माहेरी गेलेली, कामावर गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, सगळ्या. आणि हरलो की वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही.

म्हणून सह्यांच्या आधी आम्ही मतदारयादी हातात घेतली आहे. कोण बारली, कोण लग्न होऊन गेली, नवी सून आली तिचं नाव चढलं का, हे घरोघर जाऊन पाहतोय. दुसरं काम ग्रामसभेचं. दुसऱ्या गावातलं दुकान आपल्याकडे येऊ पाहतं तेव्हा ठराव ग्रामसभेत येतो. त्या दिवशी आपण भांडी घासत बसलो तर मागून रडून उपयोग नाही. आणि आपलं दुकान हाकलताना ते शेजारच्या गावी जाऊन बसणार नाही ना, हेही पाहायचं. त्या गावच्या बायांना आधी निरोप द्यायचा, असं ठरलंय.

आणि डोरलं गहाण पडलेली आमची मैत्रीण? बैठकीत तिनंच सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. "दुकान बंद करा, पण माझ्या नवऱ्याची तलफ दुकानात नाही, त्याच्या अंगात आहे. त्याला दवाखान्यात न्यायला माझ्याबरोबर कोण येईल?" यावर कोणाला बोलता आलं नाही. मग दोघींनी हात वर केले. व्यसन सोडवायला औषध असतं, अचानक सोडली तर हातापायाला कंप सुटतो, झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच सोडवायची. हे आम्ही तेव्हा शिकलो.

इतिहासातून आम्ही एवढं समजलो. वरून लागलेलं कुलूप वरूनच निघतं, मग ते न्यायालयानं लावलेलं असो की मंत्रिमंडळानं. बायांनी चालून, लढून लावलेलंही निघू शकतं, चंद्रपूरनं ते दाखवलं. पण गडचिरोलीत गावं जागी राहिली, म्हणून तिथलं कुलूप अजून लागलेलं आहे. एका दिवसाचा मोर्चा सोपा, रोजची राखण अवघड.

आमच्या सह्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. यादी तपासून झाली की सुरू करू. तुमच्या गावात हे झालं असेल, जिंकलात किंवा हरलात, तर तुमच्या गटातून आम्हाला कळवा. हरलेल्यांचं आम्हाला आधी ऐकायचं आहे.