फायरवॉल लावल्यावर इंटरनेट स्लो का होतं?

जुन्या कॉम्प्युटरवर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स टाकून त्याचीच फायरवॉल बनवता येते. ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. पण प्लॅन ३०० एमबीपीएसचा असूनही स्पीड टेस्ट ९४ वर अडकली, की वैतागून फायरवॉलच काढून टाकावीशी वाटते. मग ऑफिसचे कॉम्प्युटर आणि कॅमेरे यांचं ते संरक्षणही जातं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

९४ हा आकडा बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून पॅकेटसोबत जाणारी जादा माहिती वजा केली, की हातात साधारण ९४-९५ उरतात. म्हणजे वाटेतलं एखादं पोर्ट, स्विच किंवा केबल १०० वर चालते आहे. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० साठी दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे बाकीच्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी सहसा नेट बंद पडत नाही, फक्त वेग उतरतो, आणि केबलवर कुणाचा संशय जात नाही. फायरवॉलच्या इंटरफेस स्टेटसमध्ये गिगाबिटऐवजी १०० दिसलं, तर आधी केबल बदलावी. सर्वात स्वस्त उपाय तोच.

आकडा वेगळाच असेल, तर लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडून टेस्ट घ्यावी. (वायफायवरची टेस्ट इथे कामाची नाही.) लॅपटॉपची स्वतःची फायरवॉल तेवढा वेळ चालू हवीच. थेट जोडूनही स्लो असेल, तर तक्रार इंटरनेट कंपनीकडे करायची.

थेट वेग पूर्ण मिळत असेल, तर टेस्ट चालू ठेवून फायरवॉलचा प्रोसेसर पाहावा. इथे एक फसगत होते. चार कोअरपैकी एकच पूर्ण भरला असेल, तर डॅशबोर्डवर सरासरी २५ टक्के दिसते आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून प्रत्येक कोअर वेगळा तपासावा. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई कनेक्शनमध्ये हे विशेष घडतं, कारण अनेक नेटवर्क कार्डांना तो ट्रॅफिक कोअरमध्ये वाटता येत नाही. अशा वेळी कोअरची संख्या नव्हे, एका कोअरचा वेग महत्त्वाचा.

सुरिकाटा किंवा स्नॉर्ट चालू असेल, तर थोडा वेळ थांबवून पुन्हा मोजावं. प्रत्येक पॅकेट उघडून पाहणं जुन्या प्रोसेसरला जड जातं. फरक पडला, तर सगळं बंद न करता अनावश्यक नियम कमी करावेत. आणि कार्ड रियलटेकचं असेल, तर फ्रीबीएसडीवर इंटेलचं सेकंडहँड कार्डही सहसा जास्त भरवशाचं ठरतं.