आंबट ताक, हार्लेमची कुरणं आणि माझं बाथरूम

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी दुपारी मी बाथरूम घासायला काढलं. सोसायटीत बोअरचं पाणी, त्यामुळे नळांवर आणि टाइल्सवर क्षारांचे पांढरे थर. आधी ब्लीच ओतून ठेवलं. डाग हलेनात, म्हणून त्यावरच अर्धी बाटली पांढरं व्हिनेगर ओतलं. एकाने थोडं निघतं, तर दोघांनी दुप्पट निघेल, हे आपलं लॉजिक! मिनिटभरात डोळे चुरचुरायला लागले, घसा आवळला आणि मी खोकत बाहेर पळालो. तेवढ्यात गावाहून आलेली आई "काय झालं रे?" म्हणत तिकडेच निघाली. तिला दमा आहे. तिला हाताला धरून गॅलरीत ओढलं, तेव्हा मात्र खरंच घाबरलो होतो.

रात्री झोप येईना, मग हे का झालं ते शोधत बसलो. (बग सापडला की तो कोडमध्ये कधी शिरला हे बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.) हा बग निघाला अडीचशे वर्षं जुना.

अठराव्या शतकात युरोपात लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड, पांढरं करायला अख्खा उन्हाळा जायचा. हॉलंडमधलं हार्लेम त्यासाठी प्रसिद्ध. स्कॉटलंडचं कापडही तिथे जायचं. राखेच्या खारात कापड भिजवायचं, धुवायचं, काही दिवस चक्क आंबट ताकात बुडवायचं आणि मग कुरणावर उन्हात पसरायचं. पुन्हा खार, पुन्हा ताक, पुन्हा ऊन.. असं कित्येक वेळा.

ताक कशाला? खार मळ आणि रंग सोडवतो, पण स्वतः धाग्यात अडकून बसतो. ताकातलं आम्ल हा उरलेला खार मारतं आणि पाण्यातल्या चुन्याचे थरही विरघळवतं. आज आपण कपडे शेवटच्या पाण्यातून काढताना त्यात थोडं व्हिनेगर घालतो, ते हेच काम. टॉवेल कडक राहत नाही तो यामुळे. आणि म्हणूनच साबणाबरोबर व्हिनेगर घालण्यात अर्थ नाही, दोघं एकमेकांना निकामी करतात. आधी खार, मग धुणं, मग आम्ल. हा क्रम हार्लेमच्या धोब्यांना केमिस्ट्री न शिकता माहीत होता.

१७५६ साली एडिंबरोच्या फ्रान्सिस होम नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं, की ताकाऐवजी अगदी पातळ केलेलं गंधकाम्ल वापरा. दिवसांचं काम तासांवर आलं. व्हिनेगरचंही पुढे असंच झालं. फ्रान्समधल्या ओर्लेआँमध्ये वाइनचं व्हिनेगर व्हायला महिने लागत. १८२३ साली जर्मनीत श्युत्झेनबाखने लाकडाच्या ढलप्यांवरून अल्कोहोल झिरपवत खालून हवा खेळवायची पद्धत काढली आणि ते काम काही दिवसांत व्हायला लागलं. बिनरंगाचं, स्वस्त, कपड्यावर डाग न पाडणारं व्हिनेगर घराघरात पोचायची वाट तिथून मोकळी झाली.

आता माझा बग. १७७४ साली स्वीडनमधल्या शील नावाच्या औषधविक्याने एक हिरवट-पिवळा वायू तयार केला: क्लोरीन. त्यात पानं-फुलं पांढरी पडतात हे त्याने नोंदवून ठेवलं. १७८५ मध्ये बर्थोलेने तो कापडावर वापरून दाखवला. उन्हाळ्याचं काम तासांवर! पण कामगारांची छाती जाळणारा हा वायू सांभाळायचा कसा? १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने तो विरवलेल्या कोरड्या चुन्यात कोंडला. तीच आपली ब्लीचिंग पावडर. आजच्या बाटलीतलं ब्लीचही याच कुळातलं, फक्त तिथे क्लोरीनला सोड्याच्या खाराने धरलेलं असतं.

थोडक्यात, खार हे कुलूप आणि आम्ल ही किल्ली. त्या काळचे कारखानदार ब्लीचमधून काढलेलं कापड मुद्दाम पातळ आम्लात बुडवत, म्हणजे कोंडलेला क्लोरीन सुटून काम करी. माझ्या पाच बाय सातच्या, खिडकी बंद असलेल्या बाथरूममध्ये मीही नेमकं तेच केलं होतं. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला तो हाच वायू. हे वाचलं आणि पुन्हा उठून आईच्या खोलीत डोकावून आलो.

तेव्हा व्हिनेगर जरूर वापरा, पण ब्लीचच्या आसपास नको. चुकून झालंच, तर पुसत बसू नका, आधी सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत जा. आणि हो, शहाबादी फरशीवर किंवा कडप्प्याच्या ओट्यावर व्हिनेगर नको. दोन्ही चुनखडीचेच दगड. नळावरच्या थरासारखेच तेही विरघळतात.

असो. आता आमच्याकडे या दोन बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत असतात. सकाळी आईला हा सगळा इतिहास ऐकवला. ती म्हणाली, "आम्ही बाई चिंच लावून तांब्या-पितळेचं सगळं घासलं, कधी काही झालं नाही."

खरंय. चिंचही आम्लच. पण त्या चिंचेखाली ब्लीच नव्हतं.